पॉला अथेन्समध्ये थांबली, मी हाजी अलीला... आता ग्रुपला तोंड कसं दाखवू?

(पत्र मोठं होतं, थोडं कापून देतेय.)

"ताई, मी ठाण्याची. वय ३८, बँकेत नोकरी, मुलगी चौथीत. तीन वर्षं एका रनिंग ग्रुपबरोबर पळतेय, चार हाफ मॅरेथॉन झाल्यात, आणि या जानेवारीत मुंबईला पहिली फुल, म्हणजे ४२ किलोमीटरची मॅरेथॉन होती. दहा दिवस आधी व्हायरल झाला, तीन दिवस ताप, पण सहा महिन्यांची मेहनत वाया कशी घालवायची म्हणून उभी राहिले. सकाळी अंग दुखत होतं म्हणून दोन पेनकिलर घेतल्या. २८ पर्यंत ठीक होतं, मग पोट बिघडलं, जेल (पळताना ताकदीसाठी घ्यायचं ते) आत राहीना, आणि हाजी अलीच्या जवळ, ३४ किलोमीटरवर, डिव्हायडरला टेकून बसले ती उठलेच नाही. घरी आल्यावर लेक म्हणाली, आई मेडल कुठंय?

आमच्या ग्रुपमध्ये दिवाळीपासून ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ हिचं आत्मचरित्र हातोहात फिरतंय, रोज त्यावर चर्चा. मी लिहिलं की पॉलासुद्धा अथेन्स ऑलिम्पिकला मधेच थांबली होती. तर ग्रुपमधले एक सीनियर दादा म्हणाले, हो, आणि म्हणूनच ती ग्रेट नाही, खरा चॅम्पियन रांगत का होईना पण फिनिश लाइन गाठतो. वर अखवारीचा व्हिडिओ टाकला. सत्तावीस जणांनी अंगठे दिले. तेव्हापासून ग्रुपमध्ये दोन पार्ट्या पडल्यात. चार आठवड्यांनी दुसऱ्या एका शहरात फुल आहे, रजिस्ट्रेशन अजून चालू आहे. नाव देऊ का? एकदा पूर्ण केली की सगळ्यांची तोंडं बंद. की ग्रुपच सोडू?

तुमची, एक डीएनएफ"

प्रिय ठाणेकर,

ती सही मी मुद्दाम वापरत नाहीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डीएनएफ म्हणजे निकालाच्या यादीत वेळेच्या जागी छापून येणारी तीन अक्षरं, शर्यत पूर्ण केली नाही. ती यादीत असू देत, पत्राखाली नाव म्हणून लिहायची गरज नाही बाई.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की त्यात पॉला जास्त आहे आणि तू कमी. पॉलाबद्दल बोलायला मला कधीही आवडतं, तेव्हा तिथूनच सुरू करते, मग तुझ्याकडे येते, आणि तिथे थोडी खडसावणार आहे, आत्ताच सांगून ठेवते.

आधी तो व्हिडिओ. तो माझ्याही ग्रुपवर वर्षातून चारदा येतो. १९६८, मेक्सिको सिटी ऑलिम्पिक, टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी वाटेत पडला, गुडघा फुटला, पट्टी बांधून लंगडत लंगडत विजेत्यानंतर तासाभराने अंधारात स्टेडियममध्ये आला. बघितलं की माझ्याही डोळ्यांत पाणी येतं, खोटं कशाला बोलू. पण दादांना एवढंच विचार, त्याच दिवशी त्याच रस्त्यावर आणखी कोण पळत होतं? अबेबे बिकिला. इथिओपियाचा तोच, १९६० ला रोममध्ये अनवाणी पळून गोल्ड, १९६४ ला टोकियोत परत गोल्ड, तेही अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर सहाएक आठवड्यांत. हा बिकिला मेक्सिकोत साधारण १७ किलोमीटरला थांबला. पाय आधीच दुखावलेला होता, पळवेना, थांबला. जिंकला त्याचाच देशबंधू मामो वोल्डे. आता दादांच्या हिशेबाने बिकिला ग्रेट नाही का? त्याचा व्हिडिओ कोणी फॉरवर्ड करत नाही कारण थांबलेल्या माणसावर म्युझिक लावता येत नाही, बाकी काही नाही.

आता अथेन्स. २२ ऑगस्ट २००४. स्टार्ट संध्याकाळी सहाला मॅरेथॉन गावातून (हो, शर्यतीला ज्या गावावरून नाव पडलं तेच), फिनिश त्या जुन्या संगमरवरी स्टेडियममध्ये जिथे १८९६ चं ऑलिम्पिक झालं होतं. संध्याकाळ असूनही पारा ३५ च्या आसपास, आणि कोर्स असा की दहाव्या किलोमीटरनंतर चढ लागतो तो तीस-बत्तीसपर्यंत संपतच नाही. आपला पेडर रोडचा चढ आठव, तो एका दमात संपतो तरी, इथे उतार आला असं वाटतं आणि परत चढ. पॉला तेव्हा वर्ल्ड रेकॉर्डवाली, सोळा महिने आधी लंडनला २ तास १५ मिनिटं २५ सेकंद पळालेली, आधीचं रेकॉर्डही तिचंच होतं आणि त्यातून तिने जवळपास दोन मिनिटं काढली होती, म्हणजे ब्रिटनमध्ये लोकांनी गोल्ड कपाटात ठेवायची जागासुद्धा बघून ठेवली असेल. जपानच्या मिझुकी नोगुचीने चढावर पेस वाढवला, पॉला मागे पडत गेली, आणि ३६ किलोमीटरच्या आसपास थांबली. परत पळायचा प्रयत्न केला, परत थांबली, आणि रस्त्याच्या कडेला बसून रडली. नोगुची जिंकली, केनियाची कॅथरीन नदेरेबा तिच्यामागे बारा सेकंदांनी.

आणि मग तिच्याच देशातल्या पेपरांत दोन पार्ट्या, अगदी तुमच्या ग्रुपसारख्या. एक म्हणणार बिचारी, दुसरी म्हणणार मेडल हातचं गेलं म्हणून सोडून दिलं. दादांना वाटत असेल हे त्यांचं स्वतःचं मत आहे, पण ते वीस वर्षं जुनं आहे आणि इंग्लंडहून इम्पोर्ट झालंय.

पॉलाने नंतर कारण सांगितलं ते असं. शर्यतीच्या दोनेक आठवडे आधी पाय दुखावला, सूज उतरावी म्हणून जबरदस्त गोळ्या चालू केल्या, त्या गोळ्यांनी पोटाची वाट लागली, खाल्लेलं अंगी लागेना. मॅरेथॉनच्या आधीच्या दिवसांत आपण भात-बटाटे खाऊन जे साठवतो ते तिच्या शरीरात साठलंच नाही. टाकीत पेट्रोल नाही आणि गाडी घाटात काढली.

आता तुझं पत्र परत वाच. "दोन पेनकिलर घेतल्या. २८ पर्यंत ठीक होतं, मग पोट बिघडलं, जेल आत राहीना." अगं, तू पुस्तक वाचलंयस ना? मग हे वाचताना तुला काहीच कसं आठवलं नाही? तुझ्या हातात एका वर्ल्ड चॅम्पियनने स्वतःच्या अनुभवातून लिहिलेला इशारा होता आणि तू त्याचा उपयोग शर्यतीनंतर ग्रुपवर भांडायला केलास, शर्यतीआधी सकाळी गोळी तोंडात टाकताना केला नाहीस.

माझी खरी तक्रार हीच आहे. तू पॉलाला तुझी वकील करून उभी केलीस. म्हणजे ती निर्दोष सुटली की तू पण सुटणार, आणि दादांनी तिला दोषी ठरवलं की तुला पण शिक्षा, म्हणून तुला एवढं लागलं. तिची केस वेगळी, तुझी वेगळी. तिचं ते पोटापाण्याचं काम होतं, चार वर्षांतून एकदा येणारी शर्यत होती, अख्खा देश टीव्हीसमोर बसलेला, तिथे दुखऱ्या पायाने उभं राहायचा निर्णय मी समजू शकते. तुझी मुंबई दर जानेवारीत येते. तीन दिवस ताप येऊन गेल्यावर दहाव्या दिवशी ४२ किलोमीटर पळायचं, वर पेनकिलर मारायची, हे मला अजिबात समजत नाही. शरीरात व्हायरल असताना किंवा नुकताच गेलेला असताना एवढा ताण दिला तर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, आणि लांब शर्यतीत घाम जात असताना त्या गोळ्या किडनीला जड जातात, पोटाचं तर तू बघितलंसच. तुझं चुकलं ते पाच वाजता स्टार्टला उभी राहिलीस तिथे. हाजी अलीला बसलीस ते त्या अख्ख्या दिवसात तू केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम होतं.

लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस. मी काय फार शहाणी नाही. साताऱ्याच्या हिल हाफला यवतेश्वरचा घाट चढताना मी एकदा कठड्याला धरून ओकलेय, कारण आदल्या रात्री मैत्रिणीने आग्रह केला आणि मी दोन प्लेट झणझणीत मिसळ हाणली, वर एक्स्ट्रा तर्री. घाट उतरले ती अँब्युलन्समध्ये ड्रायव्हरशेजारी बसून, आणि तो बाबा मला विचारतोय मॅडम तुम्ही पहिल्यांदाच आलात का. सातवी वेळ होती.

तर आता तुझा खरा प्रश्न, चार आठवड्यांनी फुल पळू का.

पॉलाने अथेन्सनंतर काय केलं? पाचच दिवसांनी, २७ ऑगस्टला, ती १०,००० मीटरला उभी राहिली. पाय तोच, पोट तेच, टाकी अजून रिकामी, आणि डोक्यात अख्ख्या देशाचा आवाज. आठ लॅप शिल्लक असताना ट्रॅक सोडून बाहेर गेली. एका आठवड्यात दोन डीएनएफ. मी तिची कट्टर फॅन आहे, गुडघ्यापर्यंत येणारे ते पांढरे मोजे तिच्यामुळेच घ्यायला लागले, पण हे मला कधी पटलं नाही. मॅरेथॉनला थांबणं शरीराने ठरवलं होतं, १०,००० ला उभं राहणं बहुतेक जखमी अभिमानाने ठरवलं असावं. हे माझं मत, तुमच्या ग्रुपवर यावर खुशाल भांडा.

तुझी ती चार आठवड्यांनंतरची शर्यत म्हणजे तुझी १०,००० मीटर आहे. "सगळ्यांची तोंडं बंद" या वाक्यात पळण्याबद्दल एक शब्द तरी आहे का सांग. तोंडं बंद करायला पळालीस तर सत्तावीस अंगठ्यांसाठी पळशील, आणि ३४ ला परत पोटात कळ आली तर या वेळी तू थांबणार नाहीस, तीच मला भीती आहे.

मग न्यूयॉर्क. ७ नोव्हेंबर २००४, अथेन्सनंतर बरोबर सत्याहत्तर दिवसांनी. तोवर पाय बरा झालेला, जेवण अंगी लागायला लागलेलं. शेवटपर्यंत केनियाची सुसान चेपकेमेई खांद्याला खांदा लावून, सेंट्रल पार्कमध्ये दोघींची झटापट, आणि पॉला २:२३:१० मध्ये जिंकली, फरक तीन-चार सेकंदांचा. ४२ किलोमीटर पळून तीन-चार सेकंद! ज्या बाईला आयुष्यभर लोक म्हणत आले की हिला फिनिशला वेग नाही तिने हे केलं. पाच दिवस आणि सत्याहत्तर दिवस, बाई तीच.

सत्याहत्तर दिवस तुला लागू करू नकोस हां, तिच्याकडे फिजिओ होता, उंचीवर ट्रेनिंग होतं, दुपारी झोपायला वेळ होता. तुला बँक आहे आणि चौथीतली मुलगी आहे. तुझी न्यूयॉर्क पुढच्या जानेवारीत. मधे जून-जुलैत पावसात मजेत पळ, ऑगस्ट-सप्टेंबरला एखादी हाफ, आणि सोळा-अठरा आठवड्यांचं प्लॅनिंग ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच. त्याआधी या आठवड्यात डॉक्टरकडे जा. व्हायरल, ताप, गोळ्या, ३४ किलोमीटर, सगळं खरं सांग, लपवू नकोस. छातीत दुखणं, धडधड, नेहमीच्या पेसला जास्त दम लागणं, यातलं काही झालं असेल तर ते आधी सांग, ईसीजी काढायला लागला तर काढ. आणि हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पण तपासून घे. पॉलाला लहानपणापासून दमा आणि कमी रक्ताचा त्रास, दोन्ही होते, पुस्तकात आहे ते, आणि आपल्या ग्रुपमधल्या अर्ध्या बायका दमतात आणि ट्रेनिंग कमी पडतंय म्हणून आणखी पळतात, तपासत कोणी नाही.

आता त्या पुस्तकाबद्दल मला एक खटकतं ते सांगते, कारण तुझ्या पत्रात सगळी चर्चा अथेन्सवर अडकलीय. तिशीत, २००४ सालातच आलेलं पुस्तक, जखम ओली असतानाचं, आणि नावातच आहे की ही आतापर्यंतची गोष्ट. अथेन्सबद्दल तिची बाजू त्यात येणारच, आत्मचरित्र आहे, कोर्टाचा निकाल नाही. पण मला सगळ्यात जास्त घेण्यासारखी वाटतात ती आधीची वर्षं, ज्यावर तुमच्यात कोणी बोललेलंच दिसत नाही.

बघ ना. बेडफर्डच्या साध्या क्लबमधली मुलगी, कोच अ‍ॅलेक्स स्टॅन्टन, १९९२ ला बॉस्टनला बर्फात ज्युनियर क्रॉस कंट्रीची वर्ल्ड चॅम्पियन झाली, मागे दुसरी कोण तर वांग जुनशिया, जिने पुढच्याच वर्षी रेकॉर्ड मोडून जगाला चक्रावून टाकलं. सगळ्यांना वाटलं आता ही राज्य करणार. मग १९९४ ला पायाच्या दुखण्यात अख्खा सीझन गेला. अटलांटा ऑलिम्पिकला ५,००० मध्ये पाचवी. १९९९ ला सेव्हिलच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला १०,००० मध्ये सिल्व्हर. २००० ला सिडनीत शर्यतीचा मोठा भाग ती पुढे, शेवटी इथिओपियाची देरार्तू तुलू, गेते वामी आणि पोर्तुगालची फर्नांदा रिबेरो सुसाट निघून गेल्या, पॉला चौथी. २००१ ला एडमंटनला परत चौथी, आणि फिनिशनंतर नवरा गॅरी लॉफ ट्रॅकवरच तिच्यावर ओरडला, टीव्हीवर सगळ्या जगाने बघितलं. (नवऱ्याचं कोचिंग हा वेगळ्या पत्राचा विषय आहे, ज्यांना लिहायचंय त्यांनी लिहा, मी वाट बघतेय.)

म्हणजे प्रत्येक वेळी सीन तोच. ही मान डोलवत पुढे पळणार, सगळ्यांसाठी वारा कापणार, आणि शेवटच्या लॅपला मागच्या बायका धन्यवाद म्हणून निघून जाणार. वर्षानुवर्षं. दुसरी कोणी असती तर फिनिशचा वेग वाढवत बसली असती. हिने शर्यतच बदलली. जिथे शेवटच्या चारशे मीटरच्या झपाट्यापेक्षा दोन तास एकसारखा पेस धरणं जास्त मोलाचं, तिथे गेली. एप्रिल २००२, लंडन, पहिलीच मॅरेथॉन, २:१८:५६. ऑक्टोबरमध्ये शिकागोला २:१७:१८, वर्ल्ड रेकॉर्ड. पुढच्या एप्रिलला ते २:१५:२५, जे सोळा वर्षं कोणाला मोडता आलं नाही, २०१९ ला केनियाच्या ब्रिजिड कोसगेईने मोडलं. मधे एकदा ते रेकॉर्ड पुरुष पेसरबरोबर (ठरलेला वेग धरून सोबत पळणारे) झालं म्हणून त्याचा दर्जा काढायचं चाललं होतं, मग बोंबाबोंब झाली आणि राहिलं.

आपल्याकडे याच्या उलट दिशेचं उदाहरण आहे, साताऱ्याच्या मोहीची ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनला भारतीय महिलांत सलग तीनदा पहिली आलेली मुलगी रस्ता सोडून ट्रॅकवर गेली, ३,००० मीटर स्टीपलचेसला (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत), आणि २०१६ ला रिओत ऑलिम्पिक फायनल पळाली, दहावी आली. एक ट्रॅकवरून रस्त्यावर, दुसरी रस्त्यावरून ट्रॅकवर, दोघींनाही आपलं शरीर कुठे चालतं ते बघायला काही वर्षं लागली. तू तीन वर्षं पळतेयस, चार हाफ केल्यास, आणि एका फुलवरून स्वतःला डीएनएफ म्हणवून घेतेयस.

दादांना आवडेल असंही पॉलाच्या आयुष्यात आहे बरं का, पण पुस्तक आधी आलं म्हणून त्यात नाही. २००५ ला लंडनला पोटात कळा यायला लागल्या, बाईने रस्त्याच्या कडेला, लाइव्ह टीव्हीवर, सगळ्यांसमोर कार्यक्रम उरकला, उठली आणि २:१७:४२ मध्ये जिंकली. पुरुष मंडळी यावर अजून खिदळतात, मला तर त्यात लाज वाटण्यासारखं काहीच दिसत नाही, वेळ वाचवला तिने. त्याच वर्षी हेलसिंकीला वर्ल्ड चॅम्पियन. २००७ च्या जानेवारीत मुलगी झाली आणि नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क जिंकली, वामीला हरवून, तीच वामी. आणि २००८, बीजिंग. त्या वर्षी मांडीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालेलं, ट्रेनिंग जवळपास नाहीच, तरी उभी राहिली, मधे थांबून पाय ताणला, आणि २:३२:३८ मध्ये तेविसावी आली. पूर्ण केली. दादांना हवी तशी.

आता मला सांग, अथेन्सची पॉला भित्री आणि बीजिंगची पॉला वाघीण, हे एकाच बाईबद्दल कसं म्हणायचं? अथेन्सला शरीराने पुढे जाऊ दिलं नाही, बीजिंगला रखडत का होईना जाऊ दिलं. आणि २०१२ ला स्वतःच्या देशात, लंडनला ऑलिम्पिक होतं तेव्हा पायाने स्टार्टपर्यंतसुद्धा जाऊ दिलं नाही, काही दिवस आधी नाव मागे घेतलं. चार ऑलिम्पिक पळाली, मेडल एकही नाही. हे वाक्य वाचून मला अजून चुटपुट लागते. मेडल असतं तर बरं झालं असतं, कशाला उगाच तत्त्वज्ञान सांगू.

ग्रुपचं म्हणशील तर सोडू नकोस. पहाटे साडेचारला येऊर किंवा उपवनला तुझी वाट बघत उभी राहणारी माणसं परत मिळत नाहीत, आणि दादा पण त्यातलेच एक असतील, तीन वर्षांत कधीतरी तुझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन थांबले असतीलच. त्यांना ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. सत्तावीस जण बघत असताना कोणी मत बदलत नाही. रविवारी लाँग रननंतर चहाला बाजूला घे आणि सरळ सांग, दादा, ती पॉलाची पोस्ट मी माझ्याबद्दल लिहिली होती, तुमचं उत्तर मला लागलं. बहुतेक त्यांना कळलंच नसेल. त्यांना खरंच वाटत असेल की आपण पॉलाबद्दल बोलत होतो. आणि कळूनसुद्धा बोलले असतील तर मग त्यांचं म्हणणं मनावर घ्यायचं कारणच उरत नाही, त्यांना म्यूट करून बाकीच्यांबरोबर पळ.

लेकीला मात्र नीट सांग. चौथीतली मुलगी आहे, तिला खोटं सांगू नकोस की मेडल संपली होती. सांग, मला बरं नव्हतं, तरी गेले, गोळ्या खाल्ल्या, पोट बिघडलं, म्हणून थांबले, आणि बरं नसताना जायला नको होतं. तुझा बिब, छातीवरचा तो नंबर, फेकला नसशील तर तिला दे, तिला पाहिजे तर त्यावर चित्र काढू दे. ती पुढे शाळेच्या स्पोर्ट्स डेला ताप असताना पळायला निघेल तेव्हा तुला बोलायला तोंड राहील.

येत्या रविवारी, डॉक्टर हो म्हणाले तर, पाच किलोमीटर. घड्याळ घरी ठेवून. स्ट्राव्हावर, त्या पळण्याची नोंद दाखवायच्या अ‍ॅपवर, टाकू नकोस.

आणि हो, ते पुस्तक सध्या कोणाकडे आहे ते बघ. दादांकडे असेल तर अजून आठवडाभर राहू दे, माझा अंदाज आहे त्यांनी फक्त मधले फोटो बघितलेत.

तुझी,
ताई